पाच घरचं गाठोडं आणि पिसवा

मला पाचवा महिना लागला त्याच श्रावणात आमच्या घरात पिसवा झाल्या. ढेकूण झाले तर माणूस चारचौघांत सांगतो, खाट उन्हात टाकतो, शेजारपाजारचे येऊन उपाय सुचवतात. पिसवांचं तसं नसतं. पिसवा झाल्या म्हणजे घर घाणेरडं, असा लोकांचा सरळ निकाल. म्हणून पहिले आठ दिवस आम्ही घरातली तिन्ही माणसं एकमेकांपासून लपवून खाजवत होतो.

तिन्ही माणसं म्हणजे मी, माझा नवरा आणि सासू. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत होता. एमआयडीसी तेव्हा नवी नवी होती. सकाळी सायकल काढायचा, तो दिवेलागणीला साच्याची काळी माती नाकाकानात घेऊन परत यायचा. कोल्हापुरात पेठेतल्या एका गल्लीत आमचं घर होतं. पुढं शहाबादी फरशीचा सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं धान्य ठेवायची अंधारी खोली. माजघरापासून मागं सगळी सारवलेली जमीन.

घरातलं चौथं माणूस म्हणजे कुत्रं. त्याला नाव नव्हतं. ‘यू यू’ केलं की यायचं, आणि न करताही यायचं. एक मांजरही होती, पण ती कुणाची असं सांगता येत नव्हतं. ती आमच्याकडं उंदरांपुरती कामाला होती.

कुत्र्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर मी पुढं जे केलं ते वेडेपणाचं वाटेल. आदल्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले होते. सातव्यातच बाळंत झाले. मुलगा होता. एक दिवससुद्धा जगला नाही. सव्वा महिन्यानं रिकाम्या हातांनी सासरी आले, तेव्हा घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. कोल्हापुरात माणसं हळू बोलायला लागली की समजावं, काहीतरी फार वाईट झालंय. एक कुत्रं तेवढं पहिल्यासारखं वागलं. मी माजघरात भिंतीकडं तोंड करून पडायची, तेव्हा ते येऊन माझ्या पाठीला पाठ लावून झोपायचं. त्याला काही कळत होतं असा माझा दावा नाही. पण त्या दिवसांत मला त्याची ऊब लागली, आणि मी ती विसरणाऱ्यातली नाही.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आत्तींनी ठरवून टाकलं की हे बाळंतपण सासरीच. तिसरा महिना सरला आणि एका मंगळवारी त्या पदर खोचून बाहेर पडल्या. ज्या घरांत पोरं धडधाकट आहेत अशी पाच घरं त्यांनी निवडली होती. प्रत्येक घरी उंबऱ्यावर उभं राहून जुनं कापड मागून घेतलं. कुणाचं विरलेलं धोतर, कुणाचं मऊ झालेलं लुगडं, कुणाच्या पोरांची वापरलेली अंगडी. आधीचं मूल गेलं असेल तर पुढच्याला असं मागून आणलेलं घालतात, म्हणजे कुणाची नजर लागत नाही. त्या सगळ्याचं त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यात गाठोडं बांधलं, तीन गाठी मारल्या आणि मागच्या खोलीत धान्याच्या कणगीवर ठेवलं. मूल जिवंत मांडीवर आल्याशिवाय गाठ सोडायची नाही, असं देवीला बोलून टाकलं. मला त्यांनी हात लावू दिला नाही. मीही मागितला नाही. बाळाच्या कपड्यांकडं बघायची माझी तेव्हा छाती नव्हती.

तर पिसवा. त्या घोट्यापासून सुरू करायच्या आणि लुगड्याच्या काठापर्यंत माळ लावायच्या. इतर बाया खाली वाकून तरी बघतात. मला महिन्यागणिक माझे पाय दिसेनासे व्हायला लागले होते. चावली की हाताला येईल ते घेऊन खाजवायचं, मग ते लाटणं असो की उलथणं. आत्तींची जुनी पद्धत म्हणजे ओल्या साबणाची वडी हातात धरून बसायचं आणि पिसू दिसली की वडी दाबायची, ती साबणाला चिकटते. दिवसाला पंधरा-वीस चिकटायच्या. तेवढ्याच दुसऱ्या दिवशी हजर.

नवऱ्यानं कुठूनतरी पांढरी पावडर आणली, ढेकणांवर मारतात ती. पिशवी उघडली तशी माझं डोकं दुखायला लागलं. मी पिशवी तशीच बांधली आणि लेडी डॉक्टरांकडं गेले. त्या कमी बोलायच्या आणि स्पष्ट बोलायच्या. म्हणाल्या, ही पावडर श्वासातून जाते, हातावरून जेवणात जाते. पोटुशी बाई राहते त्या घरात नको. चावण्यानं बाळाला काही होत नाही, पण खाजवून जखमा केल्यास तर त्या पिकतील आणि ताप येईल, तो मात्र मला चालणार नाही. उकळतं पाणी, ऊन आणि झाडू, एवढ्यावर भागव. मी घरी येऊन पावडर मागच्या परसात खोल खड्ड्यात पुरली. खड्डा नवऱ्याकडून खणून घेतला, आणि तो पुरता बुजेपर्यंत तिथून हलले नाही.

मग मी माझं डोकं चालवलं आणि ते चुकलं. माहेरी म्हशींच्या गोचिडांना तंबाखूचं पाणी लावताना मी पाहिलं होतं. तंबाखू भिजवून ते पाणी मी कुत्र्याला चोळलं. त्यानं अंग चाटलं, आणि घटकाभरात तोंडातून फेस, पाय लटपट. दोनदा ओकलं. मी त्याच्यावर बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं, साबण लावला, परत ओतलं. संध्याकाळी ते उठून पाणी प्यालं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आत्ती उंबऱ्यातून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की पोटुशीनं कुणाच्या जिवाशी खेळू नये. त्यांचं खरं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या पिसवांचा आणखी संताप आला.

त्यानंतर मी लाकडाची बारीक दातांची फणी घेतली आणि रोज दुपारी कुत्र्याला सोप्यात घेऊन बसायला लागले. फणी मिठाच्या पाण्यात बुडवायची, पाठीवरून ओढायची, निघेल ते पाण्यात. फणी ही केस विंचरायची वस्तू, बायकांच्या डब्यातली, ती कुत्र्याला लावलेली बघून आत्तींनी दोन दिवस माझ्या हातचं वाढून घेतलं नाही. मी फणी सोडली नाही.

भाद्रपद संपत आला तसा आत्तींनी निकाल दिला. कुत्र्यामुळं पिसवा, म्हणून घट बसायच्या आत पिसवा गेल्या नाहीत तर कुत्रं बिद्रीला जाईल. बिद्रीला त्यांचा भाऊ साखर कारखान्यात कामाला होता, तो कशाला नाही म्हणायचा नाही. सातवा महिना लागत होता. मागच्या वेळी सातव्यातच सगळं झालं होतं, आणि आत्तींच्या डोळ्यांत ती भीती मला दिसत होती. तिच्यापुढं कुत्र्याची काय किंमत? पण मला कुत्रं घरात हवं होतं आणि पिसवा घराबाहेर. यातलं एकही मी सोडणार नव्हते.

आमच्या कोल्हापुरात घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुतात. वाकळा, चादरी, जाजमं, पडदे. पंचगंगेच्या काठावर पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी मी आत्तींना म्हटलं की घरात एक चिंधीसुद्धा धुवायची ठेवायची नाही. नवऱ्यानं रजा काढली, हातगाडी आणली. सगळं धुतलं, कडक वाळवलं, घर सारवलं, कडुनिंबाचा धूर केला. सगळं म्हणजे अगदी सगळं. कणगीवरचं गाठोडं तेवढं राहिलं, आणि ते राहिलंय हे आम्हा तिघांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. ते कापड नव्हतंच आमच्या लेखी. तो नवस होता.

तीन दिवस पिसू दिसली नाही. चौथ्या दिवशी, घट बसायच्या आदल्या सकाळी, आत्ती पूजेची भांडी घासताना मधेच थांबल्या आणि त्यांनी घोटा खाजवला. माझ्याकडं बघितलं. बिद्रीचे मामा देवीच्या दर्शनाला आले होते. कारखान्याच्या ट्रकमधून परत जाताना ते कुत्र्याला घेऊन गेले. ट्रक वळेपर्यंत ते मागच्या फळीवर पाय ठेवून उभं होतं. मी आत जाऊन दार लावून रडले, आणि रडताना खाजवत होते.

कारण कुत्रं गेल्यावर पिसवा गेल्या नाहीत, उलट चवताळल्या. आधी दिवसाला दहा चावायच्या तिथं आता तीस. माझ्या पायांवर बोट ठेवायला जागा राहिली नाही. नवरा म्हणाला, थोडे दिवस जाऊ देत. मी म्हटलं, माझ्याकडं थोडेच दिवस आहेत.

गल्लीच्या तोंडाला पिंजारी चाचा राहायचे. कापूस पिंजून गाद्या-दुलया भरायचा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. अख्ख्या पेठेच्या जुन्या गाद्या त्यांच्या हाताखाली फाटायच्या, तेव्हा कुणाच्या घरात काय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी लाज सोडली आणि नवरात्रातल्या पंचमीच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. सगळं सांगितलं. ते पिंजायची धनुकली बाजूला ठेवून ऐकत होते.

“कुत्रं घालवलासा व्हय?” ते म्हणाले. “पोरी, कुत्रं ही पिसवांची खानावळ. मुक्काम दुसरीकडं असतोय. तुमी खानावळ बंद केलासा, आता गिऱ्हाईक तुमच्याकडं आलंय.”

मग त्यांनी मला एखाद्या कारागिराला शिकवावं तसं शिकवलं. पिसू जनावरावर जेवायला येते, अंडी मात्र जिथं जनावर लोळतं तिथं पडतात. मऊ, अंधारी, न हलवलेली जागा शोधायची. पांढरं धोतर ओलं करून पिळायचं, पायांना गुडघ्यापर्यंत गुंडाळायचं आणि एकेका खोलीत शंभर आकडे होईपर्यंत उभं राहायचं. जिथं जास्त चिकटतील तिथं मुक्काम. आणि त्या जागी मिऱ्याच्या पुडीसारखी काळी कणी सापडली तर ओल्या कापसावर ठेवून बघायची. लाल पाणी सुटलं तर ती पिसवांची घाण, रक्ताची. त्यांनी मला कापसाचा एक पेळूही दिला. हे काम दुसऱ्या कुणाकडून तरी करून घे, असं बजावलं.

दुसरं कोण करणार? पिसवांना घरात सगळ्यात जास्त मीच आवडत होते. त्याच दुपारी आत्ती देवीला गेल्यावर मी नवऱ्याचं धोतर फाडून पायांना गुंडाळलं आणि सोप्यात जाऊन उभी राहिले. सातव्या महिन्याचं पोट, खाली दोन पांढरे खांब. त्या वेळी कुणी दारात आलं असतं तर ओरडत पळालं असतं. पायांवरचं बघायला मी आरसा जमिनीवर टेकवून ठेवला होता. सोप्यात दोन चिकटल्या. माजघरात पाच. स्वयंपाकघरात चार. मागच्या खोलीत चाळीस आकडे होईपर्यंत धोतर ठिपक्याठिपक्यांचं झालं आणि मी मोजायचं सोडलं.

खोलीत धान्याची पोती होती, पाटा-वरवंटा होता आणि कणगी होती. मऊ वस्तू एकच होती. गाठोड्याच्या मधोमध खळगा पडला होता, आणि खळग्यात मांजर गोल होऊन झोपली होती. तेव्हा मला आठवलं. गणपतीच्या आधी मांजर व्याली होती. कुठं व्याली ते कळलं नव्हतं, कारण मांजर सात घरं पिल्लं फिरवते. पहिलं घर आमच्या कणगीवर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि बिचारं कुत्रं! चोर सोडून संन्याशाला फाशी. मांजरीला हुसकून मी खळग्यातली काळी कणी चिमटीत घेतली, ओल्या कापसावर ठेवली. कापूस लाल झाला.

आत्ती आल्यावर मी कापूस त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांना समजलं. त्या अडाणी नव्हत्या, हट्टी होत्या. पण गाठोड्याला हात लावायचा नाही, हेच त्यांचं उत्तर. मी आवाज चढवला. बाळ आल्यावर त्याला काय पिसवांत गुंडाळणार, असं विचारलं. तेव्हा त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “मागल्या खेपंला गाठ बांधली न्हवती. काय झालं?”

त्या रागानं बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्या घाबरून बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. घरात घट बसलेला, अखंड दिवा, आत्तींचे उपास, आणि मी पाय खाजवत फिरते आहे. गाठ सोडायला मला दोन मिनिटं लागली असती. आत्ती रोज देवळात जायच्याच. पण चोरून सोडली आणि पुढं काही बरंवाईट झालं असतं, तर ती गाठ जन्मभर माझ्या गळ्यात आली असती, आणि त्यांच्याही. मला ती उघडपणे सोडायची होती, त्यांच्या हातानं. म्हणून मी खूप विचार केला. त्यांना कसली भीती होती? मूल पोटात आहे, पण जिवंत हाती लागेल का, ही. ते मी कसं सांगणार? माझ्या आतलं हलणं मला कळत होतं, त्यांना ते ऐकीव.

सप्तमीला माझी तपासणी होती. मी आत्तींना म्हटलं, माझ्याबरोबर चला, पायऱ्या चढवत नाहीत. पायऱ्या मला छान चढवत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी नेहमीसारखी ती लाकडी नळी काढली, एका बाजूला कर्ण्यासारखी पसरट. पोटावर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला. त्यांचं झाल्यावर मी विचारलं की आमच्या आत्तींना ऐकू द्याल का. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आत्तींकडं, आणि नळी तशीच धरून बाजूला सरकल्या.

आत्ती आधी नको म्हणत होत्या. मग पदर कानामागं सारून वाकल्या. डॉक्टरांनी त्यांचं डोकं हलकेच नीट बसवलं. खोलीत पंखा होता, तो बंद करायला लावला. मला छताशिवाय काही दिसत नव्हतं, आत्तींच्या कानाचा भार तेवढा पोटावर जाणवत होता. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मला वाटलं त्यांना काही ऐकूच आलं नाही.

“टांगा पळतोय की गं,” त्या म्हणाल्या. कान काढला नाही. “केवढ्या जोरात पळतोय.”

घरी येताना त्या माझा दंड धरून चालल्या होत्या, इतका घट्ट की वळ उठला. घरी आल्यावर पाय धुतले, घटासमोर बसल्या आणि देवीशी बोलल्या, नेहमीच्या मोठ्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं. “बाई, मी माझ्या कानानं ऐकलंय. पोर जित्तं हाय. आता गाठ सोडतो, राग मानू नगंस. मानायचाच असला तर माझ्यावर मान, तिच्यावर न्हाय.” मग उठल्या आणि मागच्या खोलीतून गाठोडं दोन्ही हातांवर घेऊन परसात गेल्या.

मी हंड्यात पाणी उकळत ठेवलं, सोडा टाकला. आत्तींनी तिन्ही गाठी सोडल्या. वरच्या घड्यांवर काळी कणी, मांजराचे केस, आणि शिवणीत तांदळाच्या कणीएवढे पांढरे किडे वळवळत होते. पिसवा परसभर उडाल्या. आत्तींनी एकेक कापड काठीवर उचलून मला दिलं, मी ते हंड्यात बुडवत गेले. धोतर, लुगडं, अंगडी, परत धोतर. तळाशी पोचल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी काहीतरी मुठीत घेतलं आणि पदराआड नेलं.

मी ओळखलं होतं. पांढरं टोपडं, कडेला निळ्या दोऱ्याची वेल. मागच्या वर्षी माहेरी जायच्या आधी याच घरात बसून मी ते शिवलं होतं. जाताना गडबडीत राहून गेलं होतं, आणि आल्यावर मी ते कधी विचारलं नाही, कुणी दिलं नाही. मला वाटायचं कुठंतरी टाकून दिलं असेल.

“टाकवलं न्हाय गं,” आत्ती म्हणाल्या. “आणि तुला दिसू बी द्यायचं न्हवतं. म्हणून तळात घातलं आणि गाठ मारली.”

तेव्हा मला कळलं की ही बाई देवीपेक्षा मला जपत होती. इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले होते, ते सगळं आठवलं आणि मी रडले. त्याही रडल्या. पिसवा पायांवर चढत होत्या, आम्हा दोघींनाही त्याची शुद्ध नव्हती. मग मी हात पुढं केला. त्यांनी टोपडं दिलं. जाणती माणसं म्हणतील की गेलेल्याचं येणाऱ्याला घालू नये. मी ते पाच घरच्या कपड्यांबरोबर हंड्यात टाकलं. आत्तींनी काठी घेतली आणि ते खाली ढोसून पाण्यात नीट बुडवलं.

पिसवा त्या दिवशी गेल्या असं नाही. चाचांनी आधीच बजावलं होतं की अंडी राहतात, पंधरा दिवसांनी परत येतील, तेव्हा खचायचं नाही. तशा त्या आल्या. मागच्या खोलीची भुई नवऱ्यानं उकरून परत चोपली, फटींत चुना भरला. दर चौथ्या दिवशी उकळतं पाणी, झाडू, ऊन. मांजरीलाही फणी लावली; तिनं माझे दोन्ही हात ओरबाडले, पण धरायला आता आत्ती होत्या. त्यांनी मांजरीला टॉवेलात गुंडाळून गुडघ्यांत असं काही धरलं की तिची हूं का चूं करायची टाप राहिली नाही. फणी कुणाची, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही. दिवाळीला मी पांढरं धोतर गुंडाळून चारही खोल्यांत उभी राहिले. एकही ठिपका नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्ती न सांगता एसटीनं बिद्रीला गेल्या. कुत्रं तिथं फाट्यावर बसलेलं असायचं, असं मामांनी सांगितलं; कोल्हापूरकडून गाडी आली की उठायचं आणि सगळे उतरले की परत बसायचं. येताना कंडक्टर कुत्र्याला घ्यायला तयार नव्हता. आत्तींनी त्याला ऐकवलं की माझी सून पोटुशी आहे, तिचं हे डोहाळ्याचं आहे, नेलं नाहीस तर गाडीपुढं बसतो. कुत्र्याचे डोहाळे लागलेली बाई त्या कंडक्टरनं पहिल्यांदाच ऐकली असणार. त्यानं घंटी मारली. दारात आल्यावर कुत्रं आधी माझ्याकडं धावलं नाही, भांड्यातलं पाणी प्यालं, मग येऊन माझ्या पायांवर बसलं. आत्तींनी बसल्या बसल्या त्याला ओढून घेतलं आणि फणी मागितली.

मार्गशीर्षात मुलगी झाली. दिवस पूर्ण भरून, चांगली गुटगुटीत. बाराव्या दिवशी बारसं होतं. पाच घरच्या धोतरा-लुगड्यांची दुपटी, अंगावर कुणाच्या तरी धडधाकट पोराचं अंगडं, आणि खाली चाचांनी नव्या कापसानं भरून दिलेली मऊ दुलई. आत्तींनी सगळ्या बायकांसमोर निळ्या वेलीचं टोपडं काढलं आणि तिच्या डोक्यावर बसवायला लागल्या. ते घट्ट झालं. त्यांनी बंद सोडून परत बसवलं, तरी घट्टच.

“डोस्कं मोठं हाय हिचं,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पाळणा म्हणताना सगळ्या बाया मुलीकडं बघत होत्या. मी दाराकडं बघत होते. उंबऱ्याबाहेर कुत्रं पाय पसरून पडलं होतं. नाव ठेवून घुगऱ्या वाटून होईपर्यंत मी नजर हलवली नाही, आणि तेवढ्या वेळात त्यानं एकदाही खाजवलं नाही.